सीकॅश टाका, चार मशीन जोडा आणि... थांबा जरा

सी++ वाल्यांच्या ग्रुपांत एक सल्ला दर काही महिन्यांनी फिरून येतो. साधारण असा: "बिल्ड संथ आहे? सीकॅश टाका, प्रत्येक बिल्ड दहापट वेगवान. डिस्टसीसीने चार मशीन जोडा, उरलेला वेळ चौथाईवर. टीमने एकच कॅश वापरली की सगळ्यांचं भलं. खर्च शून्य, धोका शून्य." बिल्ड म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार करणं. सीकॅश एकदा झालेलं कंपाइल (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर) साठवून ठेवतो, डिस्टसीसी ते काम नेटवर्कवरच्या इतर मशीनना वाटतो. ही दोन्ही टूल २००२ पासूनची आहेत, मी रोज वापरतो आणि सोडणारही नाही. पण या सल्ल्यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

"प्रत्येक बिल्ड दहापट वेगवान." सीकॅश सोर्स, त्यात इन्क्लूड होणाऱ्या हेडर फाइली, फ्लॅग (कंपायलरला दिलेले पर्याय) आणि कंपायलरची ओळख यांचा हॅश, म्हणजे छोटा ठसा, काढतो. तो हॅश आधी भेटला असेल तर साठवलेली ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) काढून देतो. म्हणजे तेच कंपाइल आधी कधीतरी झालेलं हवं. पहिल्या बिल्डला उलट हॅश काढणं आणि साठवणं हे वरचं काम पडतं, त्यामुळे तो थोडा रेंगाळतोच.

आणि आपण दिवसभर करतो काय? एक फाइल बदलतो, मेक (बदललेलं तेवढंच पुन्हा बिल्ड करणारं टूल) मारतो. बाकीच्या फाइलींना मेक स्वतःच हात लावत नाही, आणि आत्ता बदललेली फाइल कॅशमध्ये असणार कुठून? सगळे इन्क्लूड करतात अशा हेडरमध्ये एक फील्ड वाढवलं की सगळीकडे मिस, म्हणजे कॅशमध्ये काहीच सापडत नाही. खरी मजा ब्रांच बदलून परत येताना. गिटने फाइली पुन्हा लिहिल्या, त्यांची वेळ बदलली, म्हणून मेकला सगळं नवं वाटतं. सीकॅशला मजकूर तोच दिसतो, म्हणून साठवलेलं लगेच मिळतं, म्हणजे हिट. मेक क्लीनने जुन्या ऑब्जेक्ट पुसल्यावर आणि सीआयवरही (सर्व्हरवर आपोआप होणारे बिल्ड) तसंच. लिंकिंग, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली जोडून प्रोग्राम करणं, मात्र तो कॅश करतच नाही.

"चार मशीन, चौथाई वेळ." डिस्टसीसी साध्या मोडमध्ये प्रीप्रोसेसिंग (हेडरचा मजकूर फाइलीत ओतणं वगैरे) तुमच्याच मशीनवर करतो, फुगलेली फाइल नेटवर्कवरून पाठवतो आणि ऑब्जेक्ट परत आणतो. लिंकिंग पुन्हा तुमच्याच मशीनवर. समजा १० मिनिटांच्या बिल्डमधली ३ मिनिटं अशी न वाटता येणारी आहेत. उरलेली ७ चौघांत अगदी समान वाटली तरी पावणेदोन होतात, एकूण पावणेपाच. हे निम्म्याच्या आसपास झालं, चौथाई नव्हे. शंभर मशीन जोडा, ३ च्या खाली जाणार नाही. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी हे १९६७ मध्येच मांडलं होतं.

डिस्टसीसीचा पंप मोड प्रीप्रोसेसिंगही बाहेर ढकलतो, पण तो सीकॅशबरोबर चालत नाही. सल्ल्यातली जोडगोळी तिथेच फुटते. आणखी एक गंमत: फ्लॅगमध्ये मार्च इक्वल्स नेटिव्ह (-march=native) असेल तर डिस्टसीसी ती फाइल बाहेर पाठवतच नाही, कारण 'नेटिव्ह' म्हणजे याच मशीनचा प्रोसेसर. चार मशीन ढिम्म बसून राहतात आणि तुम्ही नेटवर्कला शिव्या घालता.

"एकच कॅश, सगळ्यांचं भलं." आमच्या टीमने हे केलं होतं. आठवडाभर चालवून 'सीकॅश मायनस एस' (कॅशची आकडेवारी दाखवणारी कमांड) मारलं, तर एकाच्या कामाचा दुसऱ्याला एकही हिट नाही. सगळं मुकाट्याने चाललेलं, एरर नाही, वॉर्निंग नाही. कारण शोधायला दुपार गेली: आम्ही मायनस जी लावून, म्हणजे डिबग माहितीसह, बिल्ड करत होतो. डिबग माहितीत बिल्डच्या डिरेक्टरीचा पाथ जातो, म्हणून सीकॅश तो पाथही हॅशमध्ये धरतो. प्रत्येकाचं होम फोल्डर वेगळं, म्हणून हॅशही वेगळा. पाथ सगळ्यांचे सारखे करणारे दोन पर्याय, बेस डिर आणि डिबग प्रीफिक्स मॅप, लावले, हिट सुरू झाले. मग डिबगरला (चुका शोधायचं टूल) सोर्स सापडेना, त्याला पाथ वेगळा शिकवावा लागला. त्यातही एका फाइलीत कोणीतरी आवृत्ती छापायला टाइम मॅक्रो (कंपाइलची वेळ भरणारा) टाकून ठेवला होता. ती फाइल दर वेळी मिस.

"धोका शून्य." डिस्टसीसीचा डीमन म्हणजे मागे सतत चालू राहून दुसऱ्याच्या सांगण्यावरून कंपायलर चालवणारी सेवा. ३६३२ हा पोर्ट कोणालाही उघडा राहिला तर काय होतं, ते सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२००४-२६८७ म्हणून नोंदलेलं आहे: बाहेरचा माणूस तुमच्या मशीनवर हवी ती कमांड चालवू शकतो. कोणत्या आयपीवरून काम घ्यायचं, ते अलाऊ पर्यायात लिहून मगच डीमन चालू करा. शिवाय सगळ्या मशीनवर कंपायलरची आवृत्ती एकच हवी. एका मशीनवर कोणी अपडेट मारलं तरी बिल्ड बहुतेक वेळा पास होतो, म्हणून तर ते लवकर कळत नाही. आइसक्रीम नावाचं टूल कंपायलरच गाठोड्यात बांधून पलीकडच्या मशीनवर पाठवतं, त्यामुळे ही कटकट टळते.

"खर्च शून्य." वरची ती दुपार कोणाच्या पगारातून गेली?