डिस्क स्वस्त आहे म्हणणाऱ्यांसाठी

सर्व्हरची डिस्क लॉगने, म्हणजे ॲप चालताना आपल्या कामाच्या ज्या नोंदी लिहीत राहतं त्यांनी, भरली की पहिला प्रश्न इन्फ्रावाल्याला (सर्व्हर सांभाळणाऱ्याला) येतो: "रोटेशन (जुना लॉग बाजूला करून नवी फाईल सुरू करणं) लावलं नव्हतं का?" प्रश्न रास्त आहे, पण चुकीच्या माणसाला विचारलेला आहे. लॉग फुगतो तो कोड लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर. सर्व्हरवर तो फक्त दिसतो. डेव्हलपर मित्रांना हे झोंबेल, झोंबू दे.

साधा हिशेब करू. लॉगची एक ओळ २०० बाइटची धरा. बऱ्यापैकी चालणारं ॲप डीबग लेव्हल (चुका शोधायला बारीकसारीक सगळं लिहिण्याची पातळी) चालू असताना सेकंदाला हजार ओळी सहज लिहितं. म्हणजे सेकंदाला २०० केबी, दिवसाला १७ जीबीच्या वर. ३० जीबी मोकळी असलेली डिस्क पावणेदोन दिवसांत संपते. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करून घरी गेलात, तर फोन रविवारी दुपारी जेवणाच्या ताटावर येणार. आता यात लॉगरोटेट, म्हणजे लिनक्सवर रोटेशन करणारं साधन, काय करणार?

लॉगरोटेटबद्दल एक मोठा गैरसमज आहे. कॉन्फिगमध्ये 'साइज १०० एमबी' लिहिलं की फाईल १०० एमबीला कापली जाते, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. लॉगरोटेट काही सतत पहारा देत बसलेलं नसतं. क्रॉन किंवा सिस्टिमडी (लिनक्सवर ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या यंत्रणा) यांचा टायमर त्याला उठवतो, आणि बहुतेक लिनक्सवर तो दिवसातून एकदाच उठवतो. त्या वेळी फाईल १०० एमबीची असो की १७ जीबीची, लॉगरोटेट ती तेव्हाच बघणार. आकाराची अट खरंच पाळायची असेल तर ते तासाला चालवावं लागतं. एवढी साधी गोष्ट, पण कॉन्फिग एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कॉपी होत राहतं आणि टायमरकडे कोणी बघत नाही.

दुसरी गंमत मध्यरात्रीची. डिस्क १०० टक्के भरलेली, कोणीतरी घाईने ती भलीमोठी फाईल आरएम (डिलीट) करून टाकतो. जागा मात्र तसूभरही मोकळी होत नाही. डिस्कची मोकळी जागा सांगणारी डीएफ कमांड म्हणते डिस्क भरलेली आहे, फोल्डरचा आकार मोजणारी डीयू म्हणते फोल्डरमध्ये काही नाही. कारण ॲपने ती फाईल अजून उघडी धरलेली असते. नाव गेलं तरी शेवटचा हात सुटेपर्यंत कर्नल (लिनक्सचा गाभा) जागा सोडत नाही. वर आता फाईलला नाव नसल्यामुळे ती शोधायला एलएसओएफ (उघड्या फाईलींची यादी देणारी कमांड) चालवावं लागतं. अशा वेळी फाईल उडवायची नसते, जागच्या जागी रिकामी करायची असते. रोटेशननंतर एनजिनएक्स या वेब सर्व्हरला यूएसआर१ सिग्नल पाठवतात तोही याचसाठी: जुनी फाईल सोड, नवी उघड.

आणि साफसफाईलाच जागा लागते, हे तर कोणाच्या गावीही नसतं. लॉगरोटेटमधलं कॉपीट्रंकेट आधी फाईलची पूर्ण प्रत करतं, मग मूळ फाईल रिकामी करतं (आणि त्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी गमावतं, ते वेगळंच). फाईल आवळणाऱ्या जीझिपलासुद्धा नवी फाईल लिहायला जागा हवी. काठोकाठ भरलेल्या डिस्कवर दोन्ही आडवे होतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये टोयोटाचे जपानमधले १४ कारखाने बंद पडले होते, ते हॅकर्समुळे नव्हे. २७ तारखेच्या नेहमीच्या मेंटेनन्समध्ये डेटाबेसमध्ये साठलेला डेटा साफ करताना डिस्कवर जागा अपुरी पडली आणि सुट्या भागांच्या ऑर्डरी घेणारी सिस्टिम थांबली. बॅकअपही त्याच सिस्टिमवर चालत असल्यामुळे तोही तसाच कोसळला. तो डेटा लॉगचा होता असं कंपनीने म्हटलेलं नाही. पण दुखणं तेच: झाडू मारायला सुद्धा उभं राहायला जागा लागते.

मग हमखास येणारा मुद्दा: "पण सर्ट-इनचा (सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम आहे ना, काहीच डिलीट करायचं नाही." नियम नीट वाचा. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवायचे आहेत, आणि तेही फिरते, म्हणजे कायम शेवटचे, १८० दिवस. ते त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर ठेवा, असं त्यात कुठेही नाही. कॉम्प्रेस करा, दुसऱ्या स्टोरेजवर पाठवा. मजकुराचा लॉग सहसा दहाव्या हिश्श्यापर्यंत आवळला जातो. आणि "लूपमध्ये आलो", "लूपमधून बाहेर पडलो" या ओळी जपून सरकारला काय दाखवणार आहात? उलट डीबगच्या नादात अख्खी रिक्वेस्ट छापणारे महाभाग ग्राहकाचा मोबाइल नंबर आणि ओटीपीसुद्धा लॉगमध्ये ओतून ठेवतात. तिथे डिस्क भरणं हा सर्वांत किरकोळ धोका.

म्हणून माझा आग्रह एवढाच की कोड रिव्ह्यूमध्ये (दुसऱ्याने कोड तपासताना) प्रत्येक नव्या लॉगच्या ओळीला दोन प्रश्न विचारावेत. ही ओळ कोण वाचणार? आणि लाखभर युजर आले तर ती किती वेळा लिहिली जाणार? उत्तर नसेल तर ओळ काढा. इन्फ्रावाल्यांनीही लॉगसाठी वेगळं पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) द्यावं. जुने ॲडमिन हे न सांगता करायचे, क्लाउडच्या तयार इमेजमध्ये (सर्व्हरच्या साच्यात) ते गायब झालं.

जाता जाता, डॉकर (ॲप कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) वापरणाऱ्यांनी आजच एक गोष्ट तपासा. त्याचा लॉग लिहिणारा मूळचा जेसन-फाईल ड्रायव्हर आपणहून काहीच रोटेट करत नाही. डॉकरच्या डीमनच्या (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिगमध्ये मॅक्स-साइज आणि मॅक्स-फाईल (फाईलचा कमाल आकार आणि फाईलींची कमाल संख्या) टाका, किंवा 'लोकल' ड्रायव्हर वापरा. आधीपासून चालू असलेल्या कंटेनरांना मात्र ही सेटिंग लागू होत नाही, रीस्टार्ट करूनही नाही. ते पाडून नव्याने उभे करावे लागतात, तेव्हा डाउनटाइम (सेवा बंद ठेवायची वेळ) आधीच मागून ठेवा.