गाडी तापली की कॅप उघडा म्हणे!

"जुनी गाडी तापते? मेकॅनिककडे जाऊ नका, हे ५ उपाय करा" असा मेसेज बरेच दिवस सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. मी सोडून देत होतो, पण परवा तो आमच्या काकांपर्यंत पोचला. त्यांच्याकडे जुनी अ‍ॅम्बॅसेडर आहे, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, आणि त्यांनी फोन करून विचारलं की थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडचा रस्ता उघडणारी झडप) काढायला कुठला पाना लागतो. म्हणून आता लिहावंच लागतंय. मेसेजमधले उपाय असे: गाडी उकळली की लगेच रेडिएटरची कॅप उघडून गार पाणी ओता, थर्मोस्टॅट काढून टाका, कूलंट सोडा आणि नळाचं पाणी भरा, रेडिएटर गळत असेल तर हळद टाका, फॅन बेल्ट कचकचीत आवळा.

पहिला उपाय वाचून माझं डोकंच फिरलं. अहो, तापलेल्या रेडिएटरची कॅप उघडायची नाही म्हणजे नाही. ती कॅप आतलं पाणी दाबाखाली ठेवते. ७ पीएसआयची (हे दाब मोजायचं माप) कॅप असेल तर पाणी १०० ऐवजी १११ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे ११० अंशांचं पाणी आत न उकळता बसलेलं असतं. कॅप फिरवली की दाब गेला, आणि त्या क्षणी दर लिटर पाण्यामागे जवळपास ३० लिटर वाफ होते, ती उरलेलं उकळतं पाणी घेऊन वर उसळते आणि वर असतो वाकून बघणारा माणूस. प्रेशर असताना कुकरचं झाकण ओढून काढ असं आपण घरात कोणाला सांगू का? आणि वर गार पाणी! या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, मग कुठलं रेडिएटरचं काम, अख्खं इंजिन उतरवायची पाळी.

करायचं काय, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद, बॉनेट उघडं, आणि अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज पाइप दाबून बघा, कडक लागला तर दाब अजून आहे. मऊ पडला आणि त्यावर हात टेकवता आला की जाड फडकं ठेवून कॅप पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, सूं सूं आवाज पूर्ण थांबू द्या, मग काढा. पाणी थोडं थोडं भरा.

थर्मोस्टॅटबद्दल म्हणे "तो थंड देशांसाठी असतो, आपल्याला गरज नाही". चूक. हे इंजिन इंग्लंडच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीचं बी-सिरीज, एमजीएसारख्या स्पोर्ट्स गाडीतही हेच होतं. रेसिंगवाले थर्मोस्टॅट काढायचे हे खरं, पण त्यांच्यासाठी बीएमसीने त्या जागी बसवायला ब्लँकिंग स्लीव्ह नावाचा वेगळा पार्ट ठेवला होता. कारण जागा नुसती रिकामी ठेवली तर बायपासचा रस्ता मोकळा राहतो, थोडं पाणी रेडिएटरमध्ये न जाताच पंपाकडे परत फिरतं, आणि मागच्या सिलिंडरांना पाणी कमी पोचतं. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनीच ही जागा उघडी सोडली नाही, यापुढे मला दुसरा पुरावा नको. हां, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आणि तुम्ही कसाऱ्याच्या घाटात असाल, तर तो काढून घरापर्यंत येता येतं, एवढं मान्य. शंका असेल तर पातेल्यात पाणी तापवून दोऱ्याने आत टांगा, त्यावर ८२ लिहिलं असेल तर तेवढ्याला उघडायला सुरुवात झाली पाहिजे.

नळाच्या पाण्याचंही अर्धं खरं आहे, नुसतं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. पण ते आतून गंज चढवतं, आणि बोअरचं असेल तर क्षार साचून रेडिएटरच्या नळ्या बारीक होतात. हळदीने बारीक गळती थांबते काही दिवस, तीच हळद नळ्यांतही बसते. बेल्ट जास्त आवळला तर वॉटर पंपाचं बेअरिंग जातं.

आणि गाडी तापते कधी, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही! ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि हायवेवर ठीक चालते, तर फॅन, बेल्ट आणि रेडिएटरमधून हवा नीट जाते का ते बघा. घाटात किंवा हायवेवर तापते तर रेडिएटर तुंबलाय का बघा, इंजिन थोडं गार झाल्यावर समोरून हात फिरवा, मधेच गार पट्टा लागला की तिथल्या नळ्या बंद आहेत. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडलं तरी इंजिन तापतं, हे कोणी तपासतच नाही. सकाळी गार इंजिनावर कॅप काढून स्टार्ट करा, पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले किंवा ऑइलच्या कॅपखाली दुधाळ थर दिसला तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय असं धरा. अशी गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टोचन करून न्या.