पोळ्याची सुट्टी, शिंगांचा रंग आणि तीन जोड्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

पोळ्यावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचे आक्षेप चार. राज्याची सार्वजनिक सुट्टी मागायची सोडून लेखात स्थानिक सुट्टीवर समाधान मानलं. स्थानिक सुट्टीला ‘सगळं बंद’ असतं असं लिहिलं, आणि तुमच्या तालुक्यात त्या दिवशी बँक चालू होती. शिंगं साळू (तासू) नका, ऑइलपेंट लावू नका, हे शहरातून आलेलं शहाणपण. आणि गावात तीनच बैलजोड्या उरल्या असताना ट्रॅक्टरचा पोळा भरवला तर बिघडलं काय?

बँकेचं आधी, कारण तिथं चूक माझी. सार्वजनिक सुट्ट्या राज्य सरकार परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली जाहीर करतं, आणि त्या बँकांना लागतात. जिल्हाधिकारी वर्षाला ज्या तीन स्थानिक सुट्ट्या देतात त्यांचा आधार वेगळा. त्या राज्य शासनाच्या कार्यालयांना लागू होतात. केंद्राची कार्यालयं आणि बँका यांना त्या लागू नाहीत, हे वाक्य बहुतेक आदेशांत शेवटी छापलेलंच असतं. ते वाक्य लेखातून सुटलं होतं, आता घातलं आहे. पीककर्जाचं काम पोळ्याच्या दिवशी होऊ शकतं. पटवाऱ्याचं नाही.

आता सार्वजनिक सुट्टी. अन्याय झाला म्हणता, पण पोळा सगळ्या महाराष्ट्रात एका दिवशी नसतोच. आपला, विदर्भाकडचा पोळा श्रावण अमावस्येला, म्हणजे पिठोरीला. कोल्हापूर-सांगलीकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तो आधीच, ज्येष्ठ-आषाढात होऊन जातो. पुणे जिल्ह्याच्या काही भागांत भाद्रपद अमावस्येला, सर्वपित्रीला, बैल सजतात. मग राज्याच्या यादीत कोणता दिवस घालायचा? उलट सीमेपलीकडे छत्तीसगडात आपल्याच दिवशी ‘पोरा’ असतो. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून ते त्याच अमावस्येला भाद्रपदाची म्हणतात. गोंदिया-गडचिरोलीच्या माणसाचा पोळा कोल्हापूरपेक्षा राजनांदगावला जवळचा, एवढं तरी मान्य करा.

शिवाय आपल्याला दिवस एक नाही, दोन लागतात. नागपूर जिल्ह्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, म्हणजे तान्ह्या पोळ्याला (पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला), स्थानिक सुट्टी द्यायचा रिवाज आहे. मारबतही, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, त्याच दिवशी निघते. ज्या जिल्ह्यात ही सुट्टी मिळत नाही तिथल्या ग्रामसभांनी ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे आदल्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत पोचवावा. सुट्ट्यांचा आदेश वर्षाच्या तोंडावर निघतो. श्रावण लागल्यावर दिलेलं निवेदन म्हणजे पेरणी झाल्यावर बियाणं आणण्यासारखं. आणि ठरावात तिथीसोबत इंग्रजी तारीख लिहा. पोळा २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १४ सप्टेंबरला गेला, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आला, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. नुसतं ‘पोळ्याला’ लिहिलं की बाबू मागच्या वर्षीचं कॅलेंडर उघडतो.

जिनिंगमध्ये किंवा मोठ्या दुकानात कामाला असणाऱ्यांना एक वाट तुमच्या-माझ्या दोघांच्याही लिहिण्यात आली नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ वीस किंवा जास्त (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा किंवा जास्त) कामगार असलेल्या दुकानांना आणि आस्थापनांना लागतो. त्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार सणाच्या, मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. त्या चारांत पोळा घालायला कोणाची परवानगी लागत नाही. कारखाना म्हणून नोंद असेल तर मात्र नियम वेगळे.

सालगड्याला यातलं काहीच लागू नाही. त्याची सुट्टी राजपत्रात नाही, रिवाजात आहे : पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, म्हणून गड्यालाही काम नाही. बैल घरोघरी फिरवल्यावर जो बोजारा (घरोघरची बक्षिसी) मिळतो तो त्याचा. काही ठिकाणी मालकाचं पोरगंच बैल फिरवतं आणि बोजारा खिशात घालतं. सुट्टीच्या यादीपेक्षा हे जास्त खटकायला हवं.

शिंगांवर मात्र मी मागे हटणार नाही. वरचं टरफल नखासारखं निर्जीव, हे खरं. पण आत हाडाचा गाभा आहे, त्यात रक्त खेळतं. मोठ्या बैलात हा गाभा बुडाकडे पोकळ असतो आणि ती पोकळी कपाळाच्या पोकळीला जोडलेली असते. पोळ्याआधी विळ्यानं किंवा काचेच्या तुकड्यानं शिंग साळतात तेव्हा दरवर्षी टरफल थोडं थोडं पातळ होत जातं. एखाद्या वर्षी गाभ्यापर्यंत जखम जाते, पावसाळ्यात तिच्यावर माशी बसते आणि आत अळ्या पडतात. शिंगाचा कर्करोग आपल्या देशी बैलांत दिसणारा आजार आहे, आणि शिंगाच्या बुडाला सतत होणारी इजा त्याच्या कारणांत धरतात. ओळख अशी : बैल डोकं झटकतो, एका बाजूला कलतं धरतो, शिंगाला हात लावू देत नाही, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त किंवा घाण वास येणारा स्राव येतो. पुढे शिंग हालायला लागतं. तेव्हा शिंग काढणं हाच इलाज उरतो. शिंग खरबरीत दिसत असेल तर ओल्या गोणपाटानं घासा. तेवढं पुरतं.

ऑइलपेंटचं भांडण रंगाशी नाही. काही रंगांत शिसं असतं, आणि गुरं एकमेकांची अंगं चाटतात. पातळ करायला घातलेलं टर्पेंटाइन किंवा घासलेट डोळ्यात उतरलं तर बैल दोन दिवस डोळा उघडत नाही. त्यापेक्षा बाभळीचा डिंक घ्या, पन्नास ग्रॅमला पेलाभर पाणी, रात्री भिजत घाला, सकाळी फडक्यातून गाळा. त्यात पाव किलो गेरू कालवा. एका जोडीला हे होऊन उरतं. तासाभरात वाळतं, बेगडही त्याच डिंकानं चिकटते. पावसाची सर आली की उतरतं, एवढाच दोष. पण शिंगाच्या बुडाशी, केस सुरू होतात तिथं, दोन बोटं जागा कोरी सोडा.

खांद (बैलाचा खांदा) शेकण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण पोळ्याचा जीव मला तिथंच दिसतो. आदल्या संध्याकाळी कोमट पाण्यात हळद आणि तूप घालून पळसाच्या पानांनी खांद शेकायची आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणायचं. हे नुसतं लाडाचं काम नाही. जू बसतं त्या जागेवर वर्षभर काय झालं ते हाताला त्या दिवशी कळतं : कुठं गाठ आहे, कुठं कातडं जाड झालंय, कुठं दाबलं की बैल अंग चोरतो. पाणी आपल्या मनगटाला सोसेल इतकंच गरम. कातडं फाटलेलं असेल तर तिथं शेक नाही, तूप नाही. स्वच्छ पाण्यानं धुऊन जंतुनाशक लावा आणि १९६२ वर फोन करून जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. आणि जखम भरेपर्यंत त्या खांद्यावर जू नको, पोळा झाला तरी.

नैवेद्याची दोन-चार पुरणपोळ्यांची पंगत बैलाला बाधत नाही. बाधतं ते घरोघरचं. दहा घरं फिरवलेला बैल प्रत्येक उंबरठ्यावर पुरण, कणीक, शिजवलेले तांदूळ खातो आणि रात्री त्याचं रवंथ थांबतं. डावी कूस फुगलेली दिसली की दाणा-खाद्य बंद आणि डॉक्टरला फोन. तोंड वर करून नळीनं तेल ओतायला जाऊ नका, ते फुफ्फुसात गेलं तर बैल पोटफुगीनं नाही, त्यानं जातो. फिरवायला निघण्याआधी पोटभर कडबा टाकला की हावरेपणा निम्मा होतो.

राहिला ट्रॅक्टर. त्याची पूजा दसऱ्याला होतेच, तिथं त्याचा मान आहे. तोरणाखाली तो उभा केला की डीजे येतो, डीजे आला की ज्यांच्याकडे अजून बैल आहेत ते आखरावर (पोळा भरतो त्या मोकळ्या जागेवर) यायचं टाळतात. आवाजाला बुजलेला बैल पोरांच्या गर्दीत शिरला की काय होतं हे सांगायला नको. मग पुढच्या वर्षी तीनाच्या दोन जोड्या होतात. पोळा श्रावणाच्या शेवटी का, तर कपाशीची डवरणी उरकलेली असते, झाडीकडे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यात, रोवणी संपलेली असते, आणि बैलाला पहिल्यांदा उसंत मिळते. ट्रॅक्टरला उसंत कसली द्यायची?

तीन जोड्यांचाही पोळा भरतो. आंब्याच्या पानांचं तोरण दोन खांबांना, बैलाच्या शिंगांना लागणार नाही इतक्या उंचीवर. जोड्यांत दोन-दोन हातांचं नाही, चांगलं आठ-दहा हातांचं अंतर, मारका बैल टोकाला, प्रत्येक जोडीपाशी कासरा धरलेला एक जाणता माणूस. अंगावर गाठी दिसणारा बैल दावणीलाच राहू द्या, लम्पी अशाच गर्दीत पसरतो. त्याची पूजा गोठ्यात करा. झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणायला माणसं लागतात, बैल कितीही असोत. तोरण आधी कोणी तोडायचं यावरून तुमच्या गावात तंटा होतो असं तुम्ही लिहिलंय. तिथं तीन जोड्या सोयीच्याच : दरवर्षी आळीपाळीनं एकेकीला मान द्या, आणि यंदा कोणाची पाळी ते पोळ्याच्या आधीच्या ग्रामसभेत लिहून ठेवा.