आउटपास घेण्याआधी

परदेशात कुणा गाववाल्याचा पासपोर्ट हरवला की विटा, तासगाव, कराडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोन मतं हमखास येतात. एक, दूतावास झोपलाय, मंत्र्यांना टॅग करा. दुसरं, आधार कार्ड आहे ना, मग एवढी चौकशी कशाला? सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री होत्या तेव्हा ट्विटरवर हाक मारली की यंत्रणा हलायची, हे लोक विसरलेले नाहीत. पण इथं गावाकडं राहून पाहिलं तर घोडं अडतं ते बहुतेक वेळा दूतावासाबाहेरच. एक तर माणूस ज्या देशात आहे तिथल्या इमिग्रेशनमध्ये, नाहीतर सरळ आपल्या जिल्ह्यात.

आखातात ज्याला सगळे आउटपास म्हणतात, ते म्हणजे इमर्जन्सी सर्टिफिकेट. हा छोटा पासपोर्ट नव्हे. भारतात परतण्यासाठी, एकाच फेरीसाठी दिलेला कागद आहे, आणि मुंबईला उतरलं की इमिग्रेशनवाले तो ठेवून घेतात. म्हणून ज्याची नोकरी, खोली, व्हिसा सगळं परदेशात शाबूत आहे, त्याने घाईघाईने आउटपास मागूच नये. त्याने हरवलेल्याच्या बदल्यात नवा पासपोर्ट तिथेच मागावा, चार दिवस जास्त गेले तरी चालतील. आउटपासवर घरी आलेल्याला इथे नवा पासपोर्ट काढावा लागतो, आणि पोलीस तपासणी लांबली की तिकडची मुदत संपायला लागते. अमिरातीत साधारणपणे सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की रेसिडेन्सी, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, जाते. अमेरिकेत व्हिसाचा शिक्का हरवलेल्या पासपोर्टमध्येच असतो, तो नव्याने घ्यावा लागतो. घरात मयत झाली, आजच निघायचंय, तर गोष्ट वेगळी. सहलीला गेलेल्यांनाही आउटपासच बरा.

सुरुवात पोलिसांपासून. हरवल्याची किंवा चोरीची नोंद झाल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. त्या कागदावर पासपोर्टचा नंबर बरोबर आलाय का, हे ठाण्यातच पाहून घ्यावं; एक आकडा चुकला तर इमिग्रेशनच्या खिडकीवरून परत पाठवतात. मग दूतावासाचा ऑनलाइन अर्ज, त्याची प्रिंट, फोटो, कसा हरवला याचा साधा लेखी जबाब, परतीच्या तिकिटाचं बुकिंग. बऱ्याच देशांत हे कागद दूतावासाऐवजी व्हीएफएस किंवा बीएलएस या अर्ज घेणाऱ्या खासगी कंपन्यांच्या काउंटरवर द्यावे लागतात, तिथं आधी वेळ घ्यावी लागते. तातडी असेल तर दूतावासाच्या आपत्कालीन फोनवर आधी बोलावं. आपली दिवाळी आणि तिथली सुट्टी, दोन्ही दिवशी कार्यालय बंद असतं हेही ध्यानात असू द्या.

सगळ्यात उपयोगी पडते ती झेरॉक्स, आणि नेमकी तीच अर्धवट असते. लोक फोटो असलेल्या पानाचा फोटो काढून मोकळे होतात. शेवटचं पान कुणी काढत नाही, आणि खरा माल तिथेच असतो: आईवडिलांची नावं, गावचा पत्ता, जुन्या पासपोर्टचा नंबर आणि फाइल नंबर. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे येतात, त्यामुळे आपल्याकडच्या फाइल नंबरची सुरुवात ‘पीएन’ अक्षरांनी होते. परदेशातले दूतावास २०१८ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने याच पासपोर्ट सेवा यंत्रणेला जोडले गेलेत. नंबर हातात असेल तर माणूस लगेच सापडतो. नसेल तर नाव, जन्मतारीख आणि नशीब.

पुढची अडचण बाहेर पडण्याची. आउटपास हातात आला म्हणजे विमानात बसता येतं असं नाही. आखातात त्यावर तिथल्या इमिग्रेशनची बाहेर जाण्याची परवानगी लागते. व्हिसाची मुदत उलटून राहिलेल्याचा अमिरातीत दिवसाला ५० दिरहॅम दंड असतो. मालकाने फरार म्हणून तक्रार ठोकली असेल तर ती आधी मिटवावी लागते, आणि तिथं भारतीय दूतावासाचा हुकूम चालत नाही. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात अमिरातीने माफी योजना ठेवली, तेव्हा रांगा लागल्या त्या याच दंडापायी. तिकीट थेट भारताचं घ्यावं. वाटेत विमानतळ बदलायचा असेल किंवा रात्र बाहेर काढायची असेल तर एअरलाइन चेक-इनलाच अडवते, कारण या कागदावर तिसऱ्या देशाचा व्हिसा मिळवणं जवळपास अशक्य.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. मालकाने दाबून ठेवलेला पासपोर्ट म्हणजे हरवलेला पासपोर्ट नव्हे. असे पासपोर्ट ठेवून घेणं अमिरातीत आणि सौदीत नियमाविरुद्ध आहे, तरी चालतं. म्हणून ‘हरवला’ अशी खोटी नोंद केली तर उद्या मालक तोच पासपोर्ट पोलिसांपुढे ठेवतो आणि गुन्हेगार आपण ठरतो. दूतावासाला खरं तेच सांगावं, परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकावी. अगदीच हात रिकामे असतील तर २००९ पासून चालू असलेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून राहणं, तिकीट, आउटपासची फी अशी मदत मिळू शकते. ती मागावी लागते, आपोआप येत नाही.

आता आधारचा मुद्दा. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलंय की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. भारतात वर्षात १८२ दिवस राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळतं. बिहारच्या मतदार यादीवरून २०२५ मध्ये एवढा गदारोळ झाला, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने आधार ओळखीपुरतं मानायला सांगितलं, नागरिकत्वासाठी नाही. मग दूतावासातल्या माणसाने नुसत्या आधारवर सही का करावी? मला हे आडमुठेपण वाटत नाही. जुनी नोंद जुळत नसेल तर चौकशी गावाकडे जाते, आणि खरा वेळ तिथं जातो. पत्र पोलीस ठाण्यात येतं, हवालदार बंदोबस्तात असतो, घरी आला तर म्हातारी एकटी असते आणि कागद पेटीत कुलूपबंद. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘तानाजी’, रेशन कार्डावर ‘तानाजीराव’, तर पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे घुसलेलं. मग ठाण्याचं उत्तर लटकतं. ग्रुपवर मंत्र्यांना टॅग करणाऱ्यांपैकी एकाने जरी दाखला, रेशन कार्ड, वडिलांचे कागद आणि शेजारचे दोन साक्षीदार घेऊन ठाणं गाठलं, पोलीस पाटलाला सोबत नेलं, तरी काम सुटतं. जिल्हा पोलीस कार्यालयाने अशा पत्राला किती दिवसांत उत्तर द्यायचं, हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना विचारायला हवा. तो मात्र कुणी विचारत नाही.

परत आल्यावर आउटपासची झेरॉक्स आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. नव्या अर्जात थेट विचारतात की इमर्जन्सी सर्टिफिकेटवर भारतात परतला होता का. नेट कॅफेवाला सवयीने ‘नाही’ करून पुढे जातो. तिथं हात धरा, कारण माहिती लपवल्यास पासपोर्ट कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. ‘हो’ करून सर्टिफिकेटचा नंबर, तारीख, देश आणि कारण भरायचं. हरवल्याबद्दलचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र आणि परदेशातल्या पोलिसांचा कागद जोडायचा. ३६ पानी पासपोर्टची फी हरवल्यामुळे दुप्पट, ३,००० रुपये. आणि जुना पासपोर्ट पुढे बॅगेच्या अस्तरात सापडला तरी तो वापरायचा नाही, तो यंत्रणेत रद्द झालेला असतो.