स्टेंटनंतरची गोळी थांबवायची कोणी?

तालुक्याच्या गावी मी औषधांचे दुकान चालवते आणि अँजिओप्लास्टी (हृदयाची अडलेली रक्तवाहिनी उघडून तिच्यात स्टेंट बसवणे) होऊन घरी परतलेल्या रुग्णांच्या चिठ्ठ्या जवळजवळ रोज माझ्या हातात येतात. या रुग्णांच्या औषधांपैकी जी गोळी सर्वाधिक निष्ठेने घ्यायला हवी, तीच सर्वांत सहज बंद केली जाते, असे माझे ठाम मत झाले आहे. क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक आणि तिच्या जोडीला ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन, अशा या दोन गोळ्या असतात. बोलताना लोक त्यांना रक्त पातळ करायची गोळी म्हणतात.

स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचे स्वतःचे अस्तर चढायला काही महिने लागतात, आणि आजच्या औषध लावलेल्या स्टेंटवर ते आणखी सावकाश चढते. तोपर्यंत उघड्या धातूवर प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, चिकटून गुठळी होण्याचा धोका असतो. अशी गुठळी झाली तर चांगली उघडलेली रक्तवाहिनी अचानक बंद पडून मोठा हार्ट अटॅक येतो, आणि त्यात जीव जाण्याचे प्रमाण मोठे असते. हा धोका पहिल्या महिन्यात सर्वाधिक असतो. म्हणूनच हार्ट अटॅकनंतर स्टेंट बसवला असेल तर दोन्ही गोळ्या साधारणपणे १२ महिने आणि अटॅक न येता ठरवून बसवला असेल तर साधारणपणे ६ महिने देतात. रक्तस्रावाची भीती जास्त असलेल्या रुग्णांत हा काळ डॉक्टर कमी करतात. त्यानंतरही दोहोंपैकी एक गोळी बहुधा कायम चालू राहते.

प्रत्यक्षात मात्र या गोळ्या भलत्याच कारणांनी थांबतात. श्रावणात किंवा नवरात्रात उपवास असतो, पित्त होते, बरे वाटू लागते, किंवा चिठ्ठीवरची स्ट्रिप संपते आणि घरच्यांना वाटते की औषधाचा कोर्स पूर्ण झाला. सर्वांत जास्त वाईट मला वाटते ते दात काढण्यासाठी थांबवलेल्या गोळीचे. दात काढताना रक्त थोडे जास्त वेळ येते हे खरे, पण ते कापसाचा बोळा दाबून, टाका घालून थांबवता येते. हृदयातली गुठळी तशी थांबवता येत नाही. एखाददुसरा दात काढायचा असो किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असो, बहुतेक वेळा या गोळ्या बंद करण्याची गरज पडत नाही. मोठी शस्त्रक्रिया असेल आणि ती पुढे ढकलता येत असेल तर ती पुढे ढकलणे हाच पहिला विचार असावा, आणि ढकलता येत नसेल तर कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी आपसांत बोलून ठरवावे. रुग्णाच्या मुलाने दोघांमध्ये निरोप्याचे काम करत हा निर्णय करणे मला मुळीच मान्य नाही.

थांबवण्याइतकीच दुप्पट घेण्याची चूकही घडते. आपल्याकडे क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचे औषध एकाच कॅप्सूलमध्ये मिळते. रुग्णालयातून अशी कॅप्सूल दिलेली असते, पुढे गावातले डॉक्टर वेगळ्या नावाची ॲस्पिरिन लिहून देतात, आणि जुनी चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवलेलीच नसते. नावे वेगळी, डबे वेगळे, आतले औषध तेच. म्हणून नवी चिठ्ठी घेताना जुन्या सर्व स्ट्रिप्स पिशवीत घालून आणाव्यात, असा आग्रह मी धरते.

गुडघेदुखीसाठी मागून नेलेले आयबुप्रोफेन हा आणखी एक घातक भाग आहे. ॲस्पिरिन प्लेटलेटमध्ये जिथे काम करते, तीच जागा आयबुप्रोफेन आधी अडवू शकते. म्हणजे संरक्षण घटते आणि पोटातून रक्तस्राव होण्याची शक्यता मात्र वाढते. अशा रुग्णांसाठी दुखण्यावर पॅरासिटामॉल बरे. क्लोपिडोग्रेल चालू असताना पित्तासाठी ओमेप्राझोल स्वतःहून घेऊ नये, कारण त्याने क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो; डॉक्टर बहुधा पॅन्टोप्राझोल देतात.

ज्यांना हृदयविकार नाही अशी माणसेही शेजाऱ्याचे ऐकून रोजची ॲस्पिरिन मागायला येतात. त्यांना मी नकार देते. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,००० हून अधिक निरोगी वृद्धांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्री या अभ्यासात रोजच्या ॲस्पिरिनने हृदयविकार लक्षणीयरीत्या टळले नाहीत, गंभीर रक्तस्राव मात्र वाढले.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर मराठीत आणि ठळक अक्षरांत स्टेंट बसवल्याची तारीख, दोन्ही गोळ्या कोणत्या महिन्यापर्यंत घ्यायच्या आणि त्या थांबवण्यापूर्वी कोणाला फोन करायचा, एवढे लिहून द्यावे. शौचाला डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली, एकाएकी तीव्र डोकेदुखी सुरू झाली, तर घरच्या घरी गोळी बंद करून वाट पाहत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे आणि हे कार्ड सोबत न्यावे, कारण स्टेंट किती जुना आहे हे कळल्याशिवाय रक्तस्राव थांबवताना कोणती गोळी थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची, हे तिथल्या डॉक्टरांनाही नीट ठरवता येत नाही.