लाल वही, मुनीमजी आणि आप्पांची तक्रार

आप्पा, (नावाच्या जागी तुम्ही 'धरणगावचा एक जुना व्यापारी' एवढंच लिहिलंय. लिहिण्यावरून वयाचा अंदाज केला आणि आप्पा म्हणतोय, चालवून घ्या.)

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी आणि रुई वेगळी करायच्या धंद्यात आता संगणकाशिवाय कारभार होत नाही, वही बंद करा. त्यावर तुम्ही मला चांगलंच झापलंत. तुमचं म्हणणं असं: चाळीस वर्षं लाल वहीवर धंदा केला, दिवाळीला हिशेब जुळला नाही असं कधी झालं नाही. वहीतली खाडाखोड दिसते, संगणकात पुसलेलं कोणाच्या बापाला दिसत नाही. संगणक म्हणजे सरकारला हिशेब दाखवायचा डबा. आणि अमळनेरला विप्रो काय संगणकावर उभी राहिली का?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथे मी हरलोय. १९४५ मध्ये अमळनेरला ती कंपनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नावाने निघाली आणि वनस्पती तूप विकायची. संगणकाकडे ती वळली आयबीएम ही अमेरिकन संगणक कंपनी १९७० च्या दशकाच्या शेवटी देशातून गेल्यावर. म्हणजे आधी तूप, मग संगणक. मान्य.

खाडाखोडीचंही मान्य, आणि माझ्यापेक्षा मोठ्या लोकांना ते मान्य आहे. बिलाची नोंद मागच्या तारखेने बदलायची आणि मागमूस ठेवायचा नाही, हे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं चालत आलं. म्हणून तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक झालं, ज्यात कोणती नोंद कधी बदलली हे कायम राहतं आणि ती सोय बंद करता येत नाही. तुमच्या-आमच्यासारख्या भागीदारीच्या पेढ्या त्या नियमात येत नाहीत, पण ती सोय आम्ही चालू ठेवलीय. लाल वहीचा गुण संगणकाला उशिरा शिकवला, असं समजा.

आता जिथे माझं तुमच्याशी जमत नाही ते. दिवाळीला हिशेब जुळला, पण तो जुळेपर्यंत कापूस कुठे होता? रुई गिरणीत गेली, सरकी तेलाच्या घाण्यात गेली, शेतकऱ्याचे पैसे देऊन झाले. कोणत्या मालात मार खाल्ला हे कळून करायचं काय?

उताऱ्याचं घ्या, म्हणजे शंभर किलो कापसातून रुई किती निघते त्याचं. समजा १०० क्विंटल कापसातून ३४ क्विंटल रुई यायला हवी होती आणि आली ३३. रुईचा भाव खंडीला ५५ हजार धरला, तर ३५६ किलोची एक खंडी या हिशेबाने एक क्विंटल रुई साधारण १५,४०० ची. तिच्या जागी एक क्विंटल सरकी जास्त आली म्हणा, ती साडेतीन हजारांची. फरक बारा हजारांच्या आसपास, म्हणजे कापसाच्या क्विंटलमागे १२० रुपये. आणि आपण गेटवर ५० रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो!

आमच्या जिनात आधी सगळ्या गाड्या एकाच ढिगावर रिकाम्या व्हायच्या. उतारा निघायचा तो सगळ्यांचा मिळून. तीन हंगामांपूर्वी गावाप्रमाणे ढीग वेगळे केले, प्रत्येकाला नंबर दिला. काटापावतीवर ढिगाचा नंबर, ओलावा मोजला की त्याच पावतीवर टक्का, आणि रुई दाबून गाठी बांधणाऱ्या प्रेसवरच्या पोऱ्याने गाठीच्या वजनासमोर पुन्हा तोच नंबर लिहायचा. संगणक फक्त या कागदांची गाठ घालतो. खरं काम अंगणात झालं, फावड्याने. पण रात्री आठला कळतं की आज ७ नंबरचा ढीग ३२ वर आला, आणि सकाळी त्या बाजूच्या गाड्यांना भाव सांगताना आपण जपून बोलतो.

यावर तुम्ही म्हणाल, हे आमच्या मुनीमजींना कापूस हातात घेऊनच कळायचं. आमच्याही मुनीमजींना कळायचं! पहिल्या हंगामात तीन महिन्यांचा गावनिहाय उतारा छापून मी मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, कागद पाहिला आणि म्हणाले, "हाई तं माले ठाऊकच व्हतं." खरंच होतं. पाणी मारलेला कापूस कोणत्या गावाचा, हे ते गाडीचा दांडा पाहून सांगतात.

पण डिसेंबरात, ऐन आवकेत, त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस ते घरी, आणि त्यांच्याबरोबर आमच्या जिनाची अक्कलही घरी. मेहुणा गेटवर उभा राहून अंदाजाने भाव देत होता. फोनवर विचारायचं तरी काय, त्यांना गाडी दिसायला हवी ना! तेव्हा माझ्या त्या कागदाला पहिल्यांदा किंमत आली.

सरकारच्या डब्याचं थोडक्यात सांगतो. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा ५ टक्के जीएसटी नोव्हेंबर २०१७ पासून आपणच भरतो, तोही रोख. रुई विकताना तो त्यावरच्या करातून वळता होतो, पण माल पडून राहिला तर पैसाही अडकून बसतो. किती अडकलाय हे सरकारच्या आधी मालकाला कळायला हवं. ते पाहायला म्हणून तरी तो डबा उघडा.

आणि एक गोष्ट मी मागच्या लेखात लपवली होती. त्याच पहिल्या हंगामात एका संध्याकाळी लाइट गेली, आली, आणि काट्यावरच्या मुलाने त्याच गाडीची पावती पुन्हा काढली. पडद्यावर बारा गाड्या, मुनीमजींच्या वहीत अकरा. सकाळी बँकेतून एकाच शेतकऱ्याला दोनदा पैसे जाणार होते. वही होती म्हणून वाचलो. तेव्हापासून रोज दिवे लागताना मुनीमजी वहीतल्या गाड्या मोठ्याने वाचतात आणि मी पडद्यावर टिक करत जातो. दोन्ही जुळल्याशिवाय बँकेत काही जात नाही. तेवढ्या वीस मिनिटांत मेहुणा चहा मागवतो.

वही बंद करा असं मी लिहिलं होतं, ती ओळ काढून टाकतोय. बाकी लेख तसाच ठेवतो, आप्पा. यंदा मुनीमजींच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी तारीख पुन्हा डिसेंबरातलीच दिलीय.