आईचा लॉट

आयपीओचं, म्हणजे कंपनी पहिल्यांदाच लोकांना शेअर विकायला काढते त्याचं, वेड लागलेल्या घरात माणसं पॅनकार्डावर मोजतात. एका पॅनवर एकच अर्ज, जास्त भरले तर बाद. त्यामुळे माझा मेहुणा हल्ली आला की आधी "घरात अजून कुणाचं डिमॅट, शेअर ठेवायचं खातं, उघडायचं राहिलंय?" असं विचारतो, मग पाणी मागतो.

त्याचं गणित पक्कं आहे. किरकोळ गुंतवणूकदाराला दोन लाखांपर्यंत अर्ज करता येतो. पण मागणी बेसुमार असली की संगणक सोडत काढतो आणि ज्याचा नंबर लागेल त्याला एकच लॉट, म्हणजे शेअरचा ठरलेला किमान गठ्ठा, मिळतो. मग एकट्याने दोन लाखांत बसणारे तेरा लॉट कशाला भरायचे? तेरा जणांनी एकेक भरावा. या हिशेबात बायको बसली, मी बसलो, आणि एका रविवारी पंच्याहत्तरीची आईसुद्धा बसली.

कंपनी काय बनवते, हे आमच्यात कुणी विचारत नाही. विचारतात ते 'जीएमपी किती?' म्हणजे ग्रे मार्केट प्रीमियम, लिस्टिंगआधीच अनधिकृत बाजारात शेअरवर चढलेला भाव. तो ना एक्स्चेंजवर असतो, ना बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या दप्तरात. पण सकाळच्या पहिल्या व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास असतो. २००८ मध्ये रिलायन्स पॉवरला सुमारे ७३ पट मागणी आली होती आणि ४५० रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी ३७२च्या आसपास बंद झाला, हे मी सांगून पाहिलं. मेहुणा म्हणाला, "भावोजी, तेव्हा मी नववीत होतो."

अर्ज भरणं सोपं असतं. खरी परीक्षा मँडेटची, म्हणजे पैसे अडवून ठेवायला द्यायच्या मंजुरीची. पैसे ज्याचा अर्ज त्याच्याच खात्यातले लागतात, म्हणून आईच्या खात्यात मी पंधरा हजार टाकले. शेवटच्या दिवशी पाचच्या आत तिने स्वतःच्या मोबाइलवर यूपीआयची मंजुरी द्यायची. साडेचार वाजता आई वाल सोलत होती.

"आई, पिन टाक."

"कसले पैसे जाणार?"

"जाणार नाहीत, नुसते ब्लॉक होणार. खात्यातच राहतात, व्याजही चालू राहतं."

"मग ब्लॉक कशाला करायचे?"

पावणेपाच. चष्मा सापडला. पिन मी टाकतो म्हणालो, तर तिने मोबाइल पदराआड घेतला. "कुणालाही सांगू नका, असं बँकेतल्या मुलाने बजावलंय." पोटचा मुलगाही त्या 'कुणालाही'मध्येच की! चार अठ्ठावन्नला मंजुरी गेली. मला घाम फुटला होता, वाल सोलून झाले होते.

एरवी आम्हाला आयपीओ लागतो तो फक्त कुणीच न विचारलेला. तिथे सोडत नाही, रांग नाही. मागाल तेवढे शेअर पदरात पडतात आणि लिस्टिंगला, म्हणजे शेअर बाजारात येतो त्या दिवशी, दहाच्या ठोक्याला घसरगुंडी सुरू होते. या वेळी मात्र मागणी तुफान होती. माझा नाही, बायकोचा नाही, मेहुण्याच्या अख्ख्या खानदानाचा नाही. आईचा लागला.

लिस्टिंगच्या सकाळी मेहुणा रजा टाकून हजर. भाव चाळीस टक्के वर उघडला. "आत्या, विका!"

"कालच आलेत ना? लगेच कशाला हाकलायचे?"

सेबीने २०२४ मध्ये आयपीओंचा अभ्यास केला, तेव्हा अँकर, म्हणजे आधीच शेअर घेणारे बडे गुंतवणूकदार, सोडून बाकीच्यांना मिळालेल्या शेअरपैकी किमतीच्या हिशेबाने ५४ टक्के शेअर आठवड्याभरात विकले गेल्याचं दिसलं. उरलेले कुणाकडे असतात, ते मला त्या दिवशी कळलं. माझे पंधरा हजार तिने पेन्शनमधून परत केले; वर "आता यात तुझा काही संबंध नाही" असंही ऐकवलं.

हल्ली ती लाभांश कधी येतो ते विचारते. परवा म्हणाली, "कंपनीची वार्षिक सभा असते ना? पूर्वी आपल्या शेजारच्या वहिनी जायच्या, फराळाचा पुडा घेऊन यायच्या." बऱ्याच कंपन्यांच्या सभा आता मोबाइलवरच होतात, असं सांगितल्यावर कंपनीवरचा तिचा विश्वास पहिल्यांदाच जरा डळमळलेला दिसला.